नाकेवाल्यांचं घर

कडूबाई लग्न होऊन उमरदऱ्याला आली, तेव्हा आपल्या सासरच्यांना सगळं गाव 'नाकेवाले' म्हणतं हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिनं पदराआडून सासऱ्याच्या नाकाकडं बघितलं, मग नवऱ्याच्या नाकाकडं बघितलं, आणि गाव काही खोटं बोलत नाही अशी मनाची समजूत घालून घेतली. पुढं हरिओम झाला तेव्हाही सुईण पोराचं वजन काय, रंग काय सांगत होती आणि ही आपली त्याचं नाक चाचपत होती.

घर गावाबाहेर, जिंतूरकडून वऱ्हाडात जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या वळणावर. काळ्या दगडाचं, दोन खोल्यांचं, वर मातीचं माळवद. पुढची खोली ऐसपैस. मागची अरुंद, तिथं कडूबाईची चूल, पिठाचे डबे आणि कोनाड्यात देव. भिंती इतक्या जाड की बाहेर वैशाख पेटला तरी आत माठातल्यासारखं गार. पण माळवद गळायचं, दगडांच्या सांध्यांतून विंचू निघायचे. सून निकिता पहिल्यांदाच गरोदर होती आणि घरात धड मोरीसुद्धा नव्हती. म्हणून दिवाळीत ठरलं होतं, की अक्षय तृतीयेला जेसीबी लावायचा, जुनं पाडायचं, त्याचेच दगड पायाला वापरायचे आणि वर स्लॅबचं घर बांधायचं. कडूबाईचा नवरा चंद्रभान तसा कुठल्याही गोष्टीला चार वर्षं लावणारा माणूस. पण यावेळी त्यानं जेसीबीवाल्याला शब्दही देऊन टाकला होता.

फाल्गुनात, हरभऱ्याची खळी चालू असताना, परभणीहून अबोली नावाची एक मुलगी आली. ती इमारतींची नकाशेवाली होती, कॉलेजात शिकवायची, आणि जिल्ह्यातल्या जुन्या दगडी इमारती शोधत फिरायची. रस्त्यावरून जाताना हे घर तिला दिसलं आणि तिनं गाडी थांबवली. कडूबाईनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मुलगी टेप काढून भिंती मोजायला लागली. मोजता मोजता पुढच्या खोलीच्या तुळईखाली येऊन थबकली. तुळईला हातभर लांबीच्या साखळीची जाड लोखंडी कडी होती.

"मावशी, ही कडी कधीपासून आहे इथं?"

"ती व्हय? ती पाळण्याची कडी हाय. मपली तिन्ही लेकरं तिलाच झुलली."

"पाळण्यासाठी इतकी जाड?" मुलगी हसली. "तुम्ही पाळणा बांधला असेल, पण ही त्याआधीची आहे. इथं मोठा काटा टांगत असणार. बैलगाड्यांतला माल वजन करायला. मावशी, हा नाका होता ना?"

"आमाला नाकेवालेच म्हणतेत," कडूबाई म्हणाली आणि नकळत तिचा हात नाकाकडं गेला.

मग अबोलीनं तिला समजावून सांगितलं. वऱ्हाड इंग्रजांकडं होतं आणि हा मुलूख निजामाकडं. मधल्या वाटांवर निजामाचे जकातीचे नाके असायचे. करोडगिरी म्हणायचे त्या खात्याला. इकडून कापूस गेला, तिकडून कापड आलं, की इथं गाडी अडवायची, माल तोलायचा, जकात घ्यायची. या वाटेवरच्या बाकी नाक्यांचे दगड लोकांनी कधीच उचलून नेले. एवढा धडधाकट उभा असलेला तिनं पहिल्यांदाच बघितला होता.

कडूबाईला गंमत वाटली. इतकी वर्षं आपण सासऱ्याच्या नाकाला उगीच दोष दिला, असं तिच्या मनात आलं. ती हसतच अबोलीला मागची खोली दाखवायला घेऊन गेली. अबोलीनं तिथल्या भिंती ठोकून बघितल्या, दाराच्या चौकटीतली बाहेरच्या अंगाची, आडण्याच्या दांड्याची जुनी खोबण बघितली आणि जरा वेळानं म्हणाली, "ही कोठडी असावी."

"कोठडी मंजी?"

"चोरून माल नेणारे पकडले की त्यांना कोंडायची जागा. बघा ना, दाराला आडणा बाहेरून आहे. शेवटी शेवटी निजामाविरुद्ध चळवळ पेटली, तेव्हा अशा नाक्यांवर चळवळीतली माणसंही डांबायचे म्हणतात. इथं तसं झालं का, ते मला माहीत नाही हं."

कडूबाईच्या हातात परात होती. ती तिनं खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"मारायचे का वं त्यांला? आत?"

"खरंच माहीत नाही मावशी. पण एक सांगते, हे घर पाडू नका."

तेवढ्यात चंद्रभान खळ्यावरून आला. डोक्याला रुमाल, अंगभर हरभऱ्याचा भुस्सा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर मपलं हाय का सरकारचं?"

"तुमचंच आहे काका. मी फक्त विनंती करतेय."

"इनंती करायल्या, मंजी पाडता येतंय का न्हाई येत?"

"येतं. पण पाडू नका."

मुलगी गेली तरी चंद्रभान रस्त्याकडं बघत उभा होता. "हिला म्हणायचं काय हाय नेमकं?" असं त्यानं कडूबाईला दोनदा विचारलं. कडूबाई मागच्या खोलीच्या दारात उभी राहून बाहेरच्या बाजूची ती खोबण बघत होती. त्या खोबणीत ती दर दिवाळीला पणती ठेवायची.

त्या दिवसापासून तिचं काहीतरी बिनसलं. घर तेच, चूल तीच, पण भाकर थापायला बसली की पाठीमागं कुणीतरी बसलंय असं वाटायचं. वळून बघावं तर पिठाचा डबा. भीती म्हणावी तर ती भीतीही नव्हती. पाहुणे घरात आहेत आणि आपण त्यांना इतकी वर्षं बसा म्हटलं नाही, तसलं काहीतरी. तिनं अंगणात तीन विटा मांडल्या आणि चूल बाहेर काढली. निकितानं विचारलं तर म्हणाली, "आत लय उकडायलंय." फाल्गुनात त्या घरात कुणाला उकडत नाही हे निकितालाही ठाऊक होतं.

गावाला बातमी लागायला कितीसा वेळ लागतो! शेजारच्या मळ्यातली बायनाबाई दुसऱ्याच दिवशी आली आणि कडीकडं बोट करून म्हणाली, "काटा कशाचा बाई! माणसं टांगायचे त्या कडीला. उलटी. मपली आजी सांगायची."

"मंग इतके दिस कामून न्हाई बोललीस?"

"मला काय म्हाईत, ती हीच कडी म्हणून!"

कुणी म्हणालं, जकातीचे हाळी, निजामाच्या नाण्यातले रुपये घराच्या पायात पुरलेत, म्हणूनच ती पोरगी मोजत होती. कुणी सकाळी सकाळी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून गेलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरपंच येऊन म्हणाले, इथं हुतात्म्यांचं स्मारक करू. कुणाचं, असं चंद्रभाननं विचारलं, तर म्हणाले, ते शोधू की.

मग जिंतूरचे विष्णुपंत आले. निवृत्त शिक्षक, तालुक्याच्या इतिहासाचा नाद असलेले, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं तिसरंच होतं. वऱ्हाडातल्या चळवळीच्या छावणीतून स्वयंसेवक आले होते आणि त्यांनी हा नाका पेटवून दिला होता, असं त्यांनी जुन्या माणसांकडून ऐकलं होतं. मागच्या खोलीतली काळी भिंत दाखवून ते म्हणाले, "ही बघा जाळपोळीची खूण."

"गुरुजी, ते चुलीचं हाय," चंद्रभान म्हणाला.

"खात्री आहे तुमची?"

चंद्रभाननं कडूबाईकडं बघितलं. कडूबाई आठवायला लागली. ती नवरी म्हणून आली तेव्हाही भिंत काळीच होती. पण त्याआधी सासू तिथंच रांधायची. सासू आली तेव्हा भिंत कशी होती, ते सासूला कधी विचारलंच नव्हतं. भिंतीचा रंग कुणी कुणाला विचारतं का?

"मला न्हाई सांगता येणार," ती म्हणाली. विष्णुपंतांनी मान हलवली. "मलाही नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "माझ्याही ऐकीव गोष्टी आहेत."

घरातही कुणाचं कुणाशी जुळेना. आजवर घर पाडायची सगळ्यात घाई हरिओमला होती. जिंतूरला मोबाइलच्या दुकानात कामाला होता तो. मित्रांना घरी आणायची त्याला लाज वाटायची. आता तेच मित्र घराचे फोटो काढायला यायला लागले आणि हा म्हणू लागला, "अप्पा, पाडू नका. असलं घर जिल्ह्यात न्हाई." आणि एरवी टाळाटाळ करणारा चंद्रभान एकदम चिडला. "कवा पाडा म्हणायलास, कवा नको म्हणायलास! मी मपल्या बापाच्या घरात राहायलोय का तुरुंगात, ते तरी मला सांगा कुणीतरी!"

निकितानं सासूला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्याबाई, मी त्या कडीला पाळणा बांधू देणार न्हाई." दोन दिवसांनी तीच म्हणाली, "पर तुमी तर बांधलाताच की. तिघांला बी काय झालं न्हाई." आणि मग, "मला काय कळंनाच बघा."

कडूबाईला तरी कुठं कळत होतं? पण या सगळ्या गलक्यात तिला एक माणूस राहून राहून आठवायला लागला. लिंबाजी. गावातला सगळ्यात वयस्क माणूस, नव्वदीच्या जवळ आलेला. काठी टेकत मळ्यात जायचा तेव्हा तो नाक्यासमोर आला की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायचा. पलीकडं काटेरी बाभळी होत्या, तरी. कडूबाईच्या तिन्ही बारशांना त्याची बायको कुसुमबाई आली, घुगऱ्या घेऊन गेली; लिंबाजी आला नाही. सासऱ्याच्या मौतीलाही तो रस्त्यावरच उभा राहिला होता. बांधाबिंधाचं जुनं भांडण असेल, असं कडूबाई धरून चालली होती. आता तिला वाटायला लागलं, भांडण नसेलच.

एका दुपारी ती गावात गेली. लिंबाजी ओट्यावर बसून घायपाताच्या वाखाची दोरी वळत होता. कुसुमबाईनं बसायला पोतं टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली.

"मामा, एक इचारू का?" कडूबाई म्हणाली. "तुमी मपल्या घरावरनं जाताना रस्ता कामून वलांडता?"

लिंबाजीनं दोरी थांबवली नाही. "इतक्या वर्सांनी इचारायलीस."

"तवा वाटलं, तुमचं आमच्या मामंजीशी वाकडं आसंल."

"तुपला सासरा चांगला माणूस व्हता. नाका उठल्यावर त्यानं ती जागा लिलावात घेतली, तेवढंच. त्याच्याशी कशाला वाकडं!" त्यानं दोरीला एक पीळ दिला. "मपला थोरला भाऊ तिथं व्हता. बन्सीधर. वऱ्हाडातून कागदं आणायचा चळवळीची, गवताच्या भाऱ्यात घालून. नाक्यावर धरला. पाच-सा दिस ठिवला तिथं."

"कुठल्या खोलीत?" कडूबाईनं विचारलं.

"मागल्या. माय मला भाकर घेऊन धाडायची. मी एवढासा व्हतो. शिपाई दारातून जाऊ द्येत न्हवता, मंग मागनं जायचो. भाकर द्यायची, आतून हात यायचा, घ्यायचा. तेवढंच. एक दिस गेलो तर हात आला न्हाई. जिंतूरला नेला म्हणाले. कुणी म्हणलं औरंगाबादच्या तुरुंगात हाय, कुणी म्हणलं सुटून वऱ्हाडात गेला. पोलीस अॅक्शन होऊन निजाम गेल्यावर सगळ्यांचे यायले, आमचा आला न्हाई."

"आन् ती कडी? तुळईची? लोक म्हणायलेत—"

"कडी मला न्हाई म्हाईत. मी आत कवा गेलतो?"

कुसुमबाईनं चहा आणून ठेवला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, कडूबाईकडं बघितलं आणि काही न विचारता उंबऱ्यातच टेकली. मग लिंबाजीनं दोरी खाली ठेवली.

"आत कसं हाय गं?" त्यानं विचारलं.

कडूबाईला आधी प्रश्नच कळला नाही. ज्या खोलीची गोष्ट हा माणूस जन्मभर मनात घेऊन फिरला, ती खोली त्यानं कधी बघितलेलीच नव्हती. आणि आपण त्या खोलीत आयुष्य काढलं, तर आपल्याला गोष्टच माहीत नव्हती.

"चांगलं हाय मामा," ती म्हणाली. "गार हाय. दुपारच्याला खिडकीतून ऊन येतं, पिठाच्या डब्यावर पडतं. चिमण्या बी येत्यात."

"ऊन येतं?"

"व्हय. चांगलं हातभर."

लिंबाजीनं चहाची बशी तोंडाला लावली, पण तो चहा पीत नव्हता. "मला आपलं काळंकुट्ट दिसायचं," तो म्हणाला.

कडूबाई घरी निघाली. वेशीपर्यंत तिला हलकं वाटत होतं. म्हाताऱ्याला चार चांगले शब्द सांगितले म्हणून. आणि ओढ्याच्या पुलावर तिला एकदम आठवलं, ती खिडकी मुळात खिडकीच नव्हती! हरिओमच्या वेळी ती बाळंत झाली तेव्हा खोलीत धूर कोंडायचा, म्हणून चंद्रभाननं पहार घेऊन दगड काढले होते आणि खिडकी मोठी केली होती. त्याआधी तिथं नुसती फट होती, हात जेमतेम जाईल एवढी. म्हणजे बन्सीधरवर ऊन पडलंच नव्हतं. लिंबाजीला दिसायचं ते काळंकुट्टच खरं होतं, आणि आपण त्याला भलतंच सांगून बसलो.

परत जाऊन सांगावं का? ती पुलावरून चार पावलं मागं गेली. पण काय म्हणून सांगायचं? 'मामा, तुमचा भाऊ अंधारातच व्हता'? ती पुन्हा घराकडं वळली. घरी पोचली तेव्हा चंद्रभान दारात होता.

"कुठं गेल्ती?"

"ती खिडकी तुमी कामून मोठी केली वो?" कडूबाई एकदम म्हणाली.

चंद्रभान बघतच राहिला. "तूच म्हणली की, धुरानं डोळे जायलेत!"

चार दिवसांनी, उन्हं कलायच्या आधी, लिंबाजी स्वतः आला. कुसुमबाई बरोबर होती. यावेळी त्यानं रस्ता ओलांडला नाही. अंगणात येऊन उभा राहिला, बाहेर मांडलेली चूल बघितली, घराच्या दगडांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "चंद्रभान, आत येऊ का?"

"या की मामा, इचारायचं काय त्याच्यात!"

कडूबाईनं नवऱ्याला गाठून हळूच सांगितलं होतं, की मामा कधी आलेच तर खिडकीचं काही बोलू नका. कामून, असं त्यानं विचारलं होतं, आणि तिला नीट सांगता आलं नव्हतं. त्यामुळं ते त्याच्या डोक्यात कितपत बसलं होतं याची तिला खात्री नव्हती.

लिंबाजीनं वहाणा काढल्या. हरिओमच्या खांद्यावर हात ठेवून तो पुढच्या खोलीतून गेला. कडीकडं त्यानं बघितलंही नाही. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात थांबला. मग त्यानं पाय आत टाकला. कडूबाईनं पाट सरकवला. तो बसला.

ऊन खरंच पिठाच्या डब्यावर पडलं होतं. डबा नुकता घासलेला, त्याची तिरीप समोरच्या भिंतीवर हलत होती. एक चिमणी आली आणि माणसं बघून परत गेली.

"लय उजेड हाय की गं," लिंबाजी म्हणाला.

कडूबाईनं मान खाली घातली. आणि कुणी बोलत नाही हे सहन न होऊन चंद्रभान बोलून गेला, "आदी एवढा न्हवता मामा. ही खिडकी म्या मोठी केली, हरिओमच्या वक्ताला. आदी नुसती फट व्हती."

कडूबाईनं डोळे मिटून घेतले.

"ते मला सांगतूस व्हय?" लिंबाजी म्हणाला. "त्या फटीतनंच भाकर द्यायचो मी. दुमडून घालावी लागायची. ज्वारीची भाकर, दुमडली की मोडती. निम्मी भाईरच पडायची. मायला सांगितलं, तर ती मंग लहान-लहान भाकरी करायला लागली. पुरीएवढ्या."

कडूबाईनं डोळे उघडले. लिंबाजी उठून खिडकीशी गेला होता. खिडकीला गज नव्हते, लाकडी झडप तेवढी होती. त्यानं हात बाहेर काढला, कोपरापर्यंत, आणि तिथंच ठेवला. बाहेर हरभऱ्याचं रान होतं, खळं संपून मोकळं झालेलं.

"फट हाय म्हणून मला म्हाईतच व्हतं की," तो बाहेर बघत म्हणाला. "तू त्या दिशी ऊन येतं म्हणलीस, तवा मला वाटलं, बुजवून दुसरीकडं खिडकी पाडली का काय. म्हणलं, बघून येवं." जरा वेळानं तो चंद्रभानकडं वळला. "बरं केलंस."

हे 'बरं केलंस' नेमकं कशाला होतं, ते कडूबाईला कळलं नाही. चंद्रभानलाही कळलं नसावं. तो अपराध्यासारखा उभा होता, कुणी शाबासकी दिलीय हे ध्यानात न आल्यासारखा. हसावं की रडावं ते कळेना म्हणून कडूबाई बाहेर आली आणि चहाला आधण ठेवलं. कुसुमबाई तिच्या मागं आली. दोघी चुलीपाशी बसल्या.

"घरी कदी बोलले न्हाईत," कुसुमबाई म्हणाली. "इतक्या सौंसारात एक डाव बी न्हाई. मला वाटायचं, तुमच्या सासऱ्याशी वाकडं आसंल."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

लिंबाजी चहा घेऊन गेला. जाताना त्यानं फक्त एवढंच विचारलं, "चूल कामून भाईर मांडलीस?" कडूबाई म्हणाली, "अशीच." तो "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुसुमबाईकडून कळलं, रात्री जेवला नाही, पण झोपला गाढ. आणि सकाळी उठून नातवाशी पाण्याच्या मोटारीवरून नेहमीसारखा भांडला. त्याला बरं वाटलं की वाईट, हे तिलाही सांगता येईना.

अबोली चैत्रात परत आली. यावेळी ती पाटीचा मजकूर घेऊन आली होती. गावानं मान्य केला तर घरासमोर लावायचा. कडूबाईनं तिला भाकरींची गोष्ट सांगितली. अबोलीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"हे पाटीवर घेऊ का मावशी?"

"मामाला इचारा. गोष्ट त्यांची हाय."

दोघी लिंबाजीकडं गेल्या. त्यानं ऐकून घेतलं. "लिव्ह," तो म्हणाला. "पर तिथं मेला आसं लिवू नको. मला म्हाईत न्हाई. आन् हुतात्मा बी लिवू नको. आला बिला तर काय म्हणंल!" म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. थोरला भाऊ आज शंभरीच्या पुढं गेला असता, हे त्यालाही कळत होतं.

पाटीसाठी ग्रामसभा बसली. सरपंचांना हुतात्मा शब्द हवाच होता, त्याशिवाय कोण बघायला येणार! विष्णुपंतांनी जिंतूरहून निरोप पाठवला होता, की जाळपोळीचा उल्लेख राहून जाऊ नये, पण 'असे म्हणतात' एवढं त्यापुढं घालावं. बायनाबाईच्या पोरानं कडीचं लिहायचं का नाही असा सवाल टाकला, तर मागून कुणीतरी ओरडलं, काट्याची कडी म्हणून लिवा, नाहीतर पोरं भितील. अबोली सगळ्यांना शांतपणे सांगत होती, की जे नक्की आहे तेवढंच लिहू. मग नक्की काय आहे, असं एकानं विचारलं. अबोली म्हणाली, "भिंती नक्की आहेत, आणि लिंबाजीबाबांच्या भाकरी." सभा हसली आणि काही न ठरता उठली.

याच गोंधळात अक्षय तृतीया आली आणि गेली. जेसीबीवाल्याचा फोन आला तेव्हा चंद्रभान म्हणाला, "आता नको. पावसाळा होऊ द्या." त्यानं घर वाचवायचं ठरवलं होतं असं नाही. पाडायचं तर काय पाडतोय ते तरी कळावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते काही कळत नव्हतं. पण सुनेचे दिवस भरत आले होते, ती माहेरी गेली होती, परत येईल तेव्हा मोरी तरी हवी. म्हणून घराच्या मागं जागा सोडून विटांचं स्वयंपाकघर, मोरी आणि संडास बांधला, वर पत्रे टाकले. माळवदावर नवी माती चढवली, ताडपत्री अंथरली. अबोलीनं चुन्यात सांधे भरणारा एक गवंडी पाठवला. त्यानं विंचवांच्या वाटा बंद केल्या आणि खिडकीपाशी येऊन विचारलं, "हे दगड मागून काढलेत. पुन्हा पहिल्यासारखी फट करून देऊ का?"

"नको!" कडूबाई आणि चंद्रभान एकदमच म्हणाले. या उन्हाळ्यात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

निकिताला ज्येष्ठात मुलगी झाली.

नव्या स्वयंपाकघरात कडूबाईचा जम बसला. गॅस होता, ओटा होता, उभं राहून काम करायचं होतं. देव तेवढे तिनं हलवले नाहीत. ते जुन्या कोनाड्यातच राहिले आणि ती दिवा लावायला तिथं जायची. बाकी मागची खोली रिकामी झाली. रिकामी झाल्यावर ती आहे त्याहून मोठी दिसायला लागली.

पेरणीच्या तोंडावर हरिओमनं सोयाबीनच्या बियाण्याची पोती आणली. "माय, मागच्या खोलीत टाकू का? कोरडी हाय."

"टाक," कडूबाई म्हणाली. त्यानं पोती आत रचली. संध्याकाळी दिवा लावायला गेली तर खिडकी निम्मी झाकलेली. तिनं हरिओमला बोलावून पोती काढायला लावली. काढून झाल्यावर तिला वाटलं, पिकाचं बियाणं हाय, त्यानं काय बाटणार हाय खोली? उलट बरंच की. "र्‍हाऊ दे, ठिव परत," ती म्हणाली, "पर खिडकी सोडून." तो ठेवायला लागला तसं तिला वाटलं, लिंबाजीमामा कधीमधी येऊन बसतात, त्यांना बसायला जागा?

"माय, एक काय ते सांग," हरिओम घामाघूम होऊन म्हणाला. "ठिवू का न्हाई?"

"थांब जरा," कडूबाई म्हणाली. "मला बी कुठं कळायलंय."

हरिओमनं खांद्यावरचं पोतं पुढच्या खोलीच्या दारात नेऊन टाकलं आणि आभाळ कुठं भरून येतंय ते बघत तिथंच टेकला.